खोळीचं तोंड

१

गादी भरण्याचं काम बघणाऱ्याला सोपं वाटतं. खोळ तीन बाजूंनी शिवलेली असते. चौथ्या बाजूने पिंजलेला कापूस आत ढकलायचा आणि मग ती बाजूही शिवत आणायची. पण खरी मेख शेवटी असते. वीतभर तोंड उरलं की बाही वर सारायची, हात खांद्यापर्यंत आत घालायचा आणि लांबचे दोन्ही कोपरे चाचपून बघायचे. कापूस लबाड असतो. मधे भरपूर दिसतो आणि कोपऱ्यांतून गुपचूप पळ काढतो. कोपरे भरलेले लागले की हात बाहेर घ्यायचा आणि उरलेलं तोंड शिवून टाकायचं.

हे मला लहानपणापासून येतं. बाबा गावातले एकुलते एक गादीवाले. ते गेले तेव्हा मी तुरुंगात होतो. बाजारातल्या एका मारामारीत माझ्या हातून माणूस मेला, त्याची शिक्षा मी पुरी भोगली आहे आणि त्याबद्दल मला इथे जास्त काही सांगायचं नाही. सुटलो त्या दिवशी ताई न्यायला आली होती. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कारखाना आता आम्हीच चालवतो. तुझा हात लागला तर बरंच होईल, बारक्या."

कारखाना म्हणजे घरामागची एक लांब खोली. एका टोकाला पिंजायचं यंत्र, दुसऱ्या टोकाला गाद्या शिवायची फळी, मधे छताला भिडलेला कापूस. यंत्र दाजी चालवतात. दाजी मनाने वाईट नाहीत. पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "मेहुणे, राहा हवं तितके दिवस, घर तुमचंच आहे. फक्त भलतंसलतं काही नको. गावाचं लक्ष आहे आपल्यावर. काही झालं तर मला तुम्हाला ठेवून घेता येणार नाही, आत्ताच सांगतो." मला ते पटलं. माझ्याकडे जायला दुसरी जागा नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

तुरुंगात दार आपण उघडायचं नसतं. ती सवय अजून गेलेली नाही. बंद दारासमोर मी नुसता उभा राहतो. दाजी मागून येतात आणि म्हणतात, "उघडा, उघडा. साहेब जेवायला गेलेत." मग आम्ही दोघंही हसतो आणि मी कडी काढतो.

असं सगळं ठीक चाललं होतं. एका सकाळी एक साधी गादी भरत होतो, तोंड वीतभर उरलं, मी हात आत घातला. डावा कोपरा भरलेला होता. उजवाही भरलेला होता, पण तो ऊबदार लागला. कुणीतरी नुकतंच उठून गेल्यावर अंथरूण लागतं, तितका. मी हात बाहेर काढला, तोंड शिवलं आणि जेवायला गेलो.

२

बाबांनी आम्हाला हाताने कधी मारलं नाही. "हात कामाचा आहे," म्हणायचे, "तो तुमच्यावर कशाला झिजवू?" त्यांची रीत वेगळी होती. माझं काही चुकलं की ते एक रिकामी खोळ उचलायचे, मला पायांकडून आत घालायचे, वरून कापूस भरायचे आणि तोंड शिवायचे. रागाने नाही, घाईनेही नाही. गिऱ्हाइकाची गादी शिवावी तसे, एकसारखे टाके घालत. आई आम्ही लहान असतानाच गेली होती, त्यामुळे मधे पडणारं कुणी नव्हतं.

डोक्याशी कापडातून दोरा ओढल्याचा सर्रकन आवाज यायचा. थोडं थांबून पुन्हा एकदा. मग गाठ मारल्याचा. त्यानंतर काही नाही. कापसात आवाज मरतो. मी ओरडायचो तेव्हा माझं ओरडणं मलाच कुठल्यातरी लांबच्या घरातून आल्यासारखं वाटायचं. नाकासमोर ओंजळ धरली तर श्वास घेता यायचा, पण मग हात अडकून पडायचे, आणि मला तर बोटांनी शिवण चाचपायची असायची. एखादा टाका सैल राहिला असेल म्हणून मी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत आतून चाचपत जायचो. बाबांचा टाका कधीच सैल नसायचा.

आणि मग एक हात यायचा.

कापसातून, अंदाज घेत. तो माझा उजवा हात शोधून धरायचा आणि धरूनच ठेवायचा. मोठा, घामेजलेला, खरखरीत हात. तो आला की माझं ओरडणं थांबायचं. श्वास पुरायला लागायचा. कधीकधी मी झोपूनसुद्धा जायचो.

ती ताईच असणार, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि नंतरही कधी आली नाही. बाबा पुढे दुकानात गेले की ती मागच्या दाराने येत असणार, बाजूचे दोन टाके उसवून हात घालत असणार आणि बाबांची चाहूल लागली की परत शिवून टाकत असणार. ती माझ्याहून बरीच मोठी. शिवणही तिला यायची. आम्ही याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही. काही गोष्टी बोलल्या की त्यांची हवा निघून जाते, असं मला वाटायचं.

तुरुंगात माणसं वेगवेगळ्या गोष्टींवर दिवस काढतात. कुणी बायकोच्या आठवणीवर, कुणी वैऱ्याच्या. मी त्या हातावर काढले. फार झालं की उजवी मूठ मिटून भिंतीकडे तोंड करून पडायचो आणि स्वतःला सांगायचो, एका माणसाने आपल्याला धरलं होतं. सुटल्यावर तिला हे सांगायचं, एवढं एकच काम मी माझ्यासाठी ठरवून ठेवलं होतं.

३

बालवाडीच्या बाईंनी छोट्या गाद्या सांगितल्या होत्या. जेवणानंतर पोरं तिथेच झोपतात, त्यांच्यासाठी. छोटी खोळ भरायला मोठीपेक्षा जास्त कटकटीची. हात आत वळत नाही.

पहिल्याच गादीच्या वेळी तोंड वीतभर उरलं तेव्हा मी हात घातला आणि लांबच्या कोपऱ्यात बोटांची टोकं लागली.

गाठ असेल, असं मी म्हटलं. नीट न पिंजलेल्या कापसात गाठी राहतात. ती मोडायला मी करंगळी पुढे केली आणि ती करंगळी कुणीतरी मुठीत धरली.

मी ओरडलो नाही. तुरुंगात राहिलेला माणूस पटकन ओरडत नाही. मी तसाच, खांद्यापर्यंत गादीत हात घालून, समोरच्या भिंतीवरच्या पोपड्यांकडे बघत बसलो. पलीकडे यंत्राची धडधड चालू होती. ती मूठ लहान होती. माझी करंगळी तिच्यात पुरती मावत नव्हती. तिच्यातलं थरथरणं माझ्या कोपरापर्यंत येत होतं. मग ती सुटली.

मी टाके उसवले, सगळा कापूस जमिनीवर काढला, खोळ उलटी केली, झटकली, पुन्हा झटकली. दाजी यंत्र बंद करून आले तेव्हा मी गुडघ्यांवर बसून कापूस पसरत होतो.

"मेहुणे, कापूस वाळत घातलाय की काय?"

"गाठी होत्या," मी म्हणालो.

"माझ्या पिंजण्यात गाठी?" ते दुखावल्यासारखे बघत राहिले. "बरं. पण आवरा जरा. बाई येतील."

मी माझी समजूत घातली. हात असा वाकडा घालून ठेवला की बधिर होतो आणि बधिर हाताला काहीही जाणवतं. कापूस दाबला की ऊब धरतो, हेही खरं. शिवाय इतकी वर्षं कोंडून राहिलेल्या माणसाच्या डोक्याचा काय भरवसा! ही सगळी कारणं चांगली होती. मी ती दिवसभर पुन्हापुन्हा स्वतःला दिली आणि दिवसभर करंगळी पाण्याखाली धरून चोळली.

पुढच्या गादीतही तेच झालं. तिच्या पुढच्यातही. तोंड मोठं असताना कधीच काही लागायचं नाही. फक्त शेवटी, वीतभर उरलं की.

४

दुपारी दाजी बाहेर गेले होते. ताई मागच्या ओट्यावर भाजी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो. तिचे केस आता निम्मे पांढरे झालेत, पण भाजी निवडताना जीभ दातांत धरायची सवय तीच आहे.

"ताई, तुला एक सांगायचंय. कधीचं राहिलंय."

"इथून जातो म्हणू नकोस. आत्ता कुठे अंगाला मांस धरायला लागलंय तुझ्या."

"नाही गं. बाबा मला खोळीत घालायचे ना..."

तिचे हात थांबले. या घरात हे शब्द पहिल्यांदाच उच्चारले जात होते.

"तेव्हा तू हात घालायचीस आत," मी म्हणालो. "माझा हात धरून बसायचीस. त्या हातावर मी जगलो, ताई. आतसुद्धा, सगळी वर्षं. तुला सांगायचं होतं एवढंच."

मला वाटलं होतं ती रडेल, किंवा "चल, काहीतरीच" म्हणून विषय उडवून लावेल. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला.

"कुठला हात?" ती म्हणाली.

"तुझा."

"बारक्या, मी कधी आत आलेच नाही रे."

मी हसलो. खरंच हसलो. "अगं, बाजूचे टाके उसवून..."

"नाही. मी इथे बसायचे. या इथेच, ओट्यावर. दोन्ही कान झाकून." तिने भाजीचे मळलेले हात खरोखरच कानांपाशी नेले आणि मधेच थांबवले. "तसं ऐकू काही यायचं नाही. तरी झाकायचे. मला वाटायचं, आत पाऊल टाकलं तर मलाही घालतील. बाबांनी हाक मारेपर्यंत मी जागची हलत नसे. कधीच नाही आले मी. एकदाही नाही."

"मग कोण यायचं?"

"कोण येणार? आपण दोघंच तर होतो." ती भाजीकडे बघून बोलत होती. "कापूसच असेल. लहान होतास तू. भीतीने काहीही वाटतं. पण मला त्याचं श्रेय देऊ नकोस. तू तुरुंगात गेलास तेव्हाही मला वाटलं होतं, हे माझ्या न येण्यामुळेच झालं. ते एक कसंबसं पचवलंय मी. हे आता नको."

ती उठून आत गेली. भाजी तशीच राहिली. मी कितीतरी वेळ तिथेच बसलो होतो. मला बाबांचा राग आला नाही, ताईचाही नाही. फक्त इतकी वर्षं ज्याला टेकून उभा होतो ते मागून कुणीतरी काढून घेतलं होतं, आणि मला कळेना आता उठायचं कसं.

५

दुसऱ्या दिवशी एकच गादी राहिली होती. काम टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं. पण दाजींनी सकाळीच सांगितलं की बाई न्यायला येताहेत, आणि माझ्याकडे न करण्याचं कारण नव्हतं. "तुमच्या गादीत कुणीतरी आहे" हे घरातून बाहेर पडण्याआधी बोलायचं वाक्य आहे.

मी खोळ भरली. शिवत आणली. वीतभर उरली. कोपरे न बघताच शिवून टाकू, असं मनात आलं, पण हातांना त्यांची सवय होती. हात आत गेला.

ते वाटच बघत होतं. या वेळी करंगळी नाही, सगळा पंजा धरला. दोन्ही हातांनी. नखं रुतली. काल मला हे समजलं असतं. काल मी म्हणालो असतो, ताई यायची तसा मीही आलोय. पण आता ताई कधीच आली नव्हती. आता त्या अंधारात मला धरणारं जे कोण होतं ते मला माहीत नव्हतं, आणि हे जे कोण होतं तेही माहीत नव्हतं.

मी हात ओढला. ते सोडेना. दुसरा हात मोठ्या मुश्किलीने तोंडातून आत कोंबून मी ती बोटं एकेक करून सोडवली. लहान बोटं होती. सोडवायला सोपी गेली. मग मी सुई घेतली आणि तोंड शिवलं. सगळे टाके एकसारखे पडले. शेवटी गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि गादी फळीवरून जमिनीवर सरकवली.

यंत्र बंद होतं. खोलीत कापसाचे तंतू उन्हात तरंगत होते. मी गादीकडे बघत होतो.

शिवणीच्या एका टोकाला कापड आतून वर आलं. बोटाच्या पेराएवढं. ते खाली बसलं आणि जरा पुढे पुन्हा वर आलं. मग आणखी पुढे. ते शिवणीच्या कडेने चाललं होतं. घाई न करता, एकेका टाक्यापाशी थांबत, दाबून बघत. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत गेलं आणि परत फिरलं.

ते काय शोधत होतं हे जगात मला एकट्यालाच माहीत होतं. आणि माझा एकही टाका सैल नव्हता.

"झाल्या का गाद्या?" पुढून बालवाडीच्या बाईंची हाक आली.

"झाल्या, झाल्या," म्हणत दाजी आत आले. त्यांनी एका हाताने आधीच्या गाद्या उचलल्या, दुसऱ्या हाताने ती शेवटची उचलून काखेत मारली आणि दाराकडे निघाले.

६

मी कात्री घेऊन त्यांच्या आडवा उभा राहिलो. कात्री हातात होती हे मला नंतर कळलं. दाजींच्या चेहऱ्यावरून कळलं.

"मेहुणे," ते हळू आवाजात म्हणाले. "ती आधी खाली ठेवा."

"ती गादी द्या."

"बाई बाहेर उभ्या आहेत. मी पहिल्या दिवशी काय म्हणालो होतो तुम्हाला?"

"आठवतंय. जातो मी. संध्याकाळच्या आत जातो, पुन्हा तोंड दाखवणार नाही. पण ती द्या आधी."

त्यांनी गादी टाकली. मी खाली बसून टाके कापले, बाही फाटेपर्यंत हात आत घातला. डावा कोपरा. उजवा कोपरा. मधे. कापूस होता. थंड, सारखा, उत्तम पिंजलेला कापूस. मी बोटं पसरून धरली, वाट बघितली. कुणी आलं नाही.

"ये ना," मी म्हणालो. "ये. मी शिवणार नाही आता."

ताई कधी आली मला कळलं नाही. ती दारात उभी होती आणि दाजी तिला म्हणत होते, "बघ. बघ तुझ्या भावाचं." मी तसाच गादीत हात घालून तिच्याकडे बघितलं. मला रडू फुटलं होतं आणि ते आवरण्याची ताकद माझ्यात नव्हती.

"ते घाबरलंय मला," मी तिला सांगितलं. "मी शिवलं त्याला, ताई. बाबांसारखं. बोटं सोडवली आणि शिवलं."

ताईने दाजींकडे बघितलं. मग त्या दाराच्या उंबऱ्याकडे बघितलं. ती अजून बाहेरच उभी होती. इतके दिवस मी या खोलीत काम करत होतो आणि ती एकदाही आत आली नव्हती, हे मला तेव्हा लक्षात आलं. जेवायला बोलवायची ते ओट्यावरूनच.

तिने पाय आत टाकला.

"सरक," ती मला म्हणाली. माझा हात धरून तिने बाहेर काढला. पदर खोचला, बांगड्या वर सारल्या आणि जमिनीवर बसून गादीत हात घातला. कोपरापर्यंत. दंडापर्यंत. मग खांदा टेकला आणि तिचा गाल कापडावर आला. मी उठून भिंतीशी जाऊन उभा राहिलो.

"पुरे झालं गं," दाजी म्हणाले. "काय चाललंय हे तुम्हा दोघांचं?"

ताईने डोळे मिटले होते. जीभ दातांत धरली होती. बराच वेळ असाच गेला. मग तिचा चेहरा एकदम बदलला, आणि तो कसा झाला ते मला सांगता येणार नाही, मी तो पुन्हा आठवू इच्छित नाही.

"केवढासा हात आहे रे," ती म्हणाली.



"मी आहे," ताई खोळीच्या तोंडाशी बोलत होती. आमच्याशी नाही. "ताई आहे. आले मी. रडू नकोस."

मी भिंतीशी उभा होतो. दोन्ही हात रिकामे होते. आणि माझ्या उजव्या हातात बोटं शिरली. मोठी, घामेजलेली, खरखरीत बोटं. त्यांनी माझा पंजा शोधला आणि घट्ट धरला. मी हाताकडे बघितलं. तिथे काही नव्हतं. पण माझा श्वास पुरायला लागला.

तेवढ्यात खोलीत सर्रकन आवाज झाला.

कापडातून दोरा ओढल्याचा. माझी सुई फळीवर पडली होती, तिच्यात दोराही नव्हता. दाजींनी सुईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि ते मागे सरकत सरकत उंबऱ्याबाहेर गेले.

थोडं थांबून पुन्हा तोच आवाज. घाई नव्हती त्यात. खोळीचं तोंड ताईच्या दंडाभोवती आवळलं.

"ताई, काढ," मी म्हणालो. "हात काढ बाहेर, बाबा शिवताहेत."

तिला ऐकू गेलं. तिच्या पापण्या थरथरल्या आणि दुसरा हात जमिनीवरून उचलला गेला, कानापर्यंत गेला, तिथे अडखळला. मग तिने तोही हात आवळत चाललेल्या त्या तोंडातून आत घातला.

पुढचा टाका पडला. माझ्या उजव्या हातातली पकड सुटली नाही.